सहाशे रूबलची परतफेड

मेरी क्युरी हे नाव घेतले की रेडियम, दोन नोबेल पारितोषिके आणि किरणोत्साराने पोखरलेले शरीर एवढे आपल्याला आठवते. शाळेच्या पुस्तकातही हेच असते. पण या आयुष्यात सहाशे रूबलची एक शिष्यवृत्ती होती. ती मिळाली नसती तर पुढचे सारे घडले असते का, याची शंकाच आहे. आज बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की असंख्य घरांमध्ये गुणांचा आनंद आणि खर्चाची धास्ती एकाच दिवशी येते. अशा घरांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. घरात तिला मान्या म्हणत. तेव्हा पोलंड नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारचे राज्य होते आणि शाळेत पोलिश भाषेला जागा नव्हती. वडील गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. विद्येची कमतरता नव्हती, पैशाची होती. पोलिश बाण्यामुळे वडिलांची बढती गेली, पगार घटला. जवळची शिल्लक त्यांनी एका नातेवाइकाच्या गिरणीत गुंतवली, तीही बुडाली. मग घरातच विद्यार्थी ठेवून त्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे घ्यायची वेळ आली.

या गर्दीतूनच घरात आजार शिरला. थोरली बहीण झोफिया टायफस ज्वराने दगावली. पाठोपाठ १८७८ मध्ये आई क्षयाने गेली. आपला आजार मुलांना होऊ नये म्हणून ती स्वतःची ताटवाटी वेगळी ठेवत असे आणि मुलांना जवळ घेऊन त्यांचा मुकाही घेत नसे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे आणला तो १८८२ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आईने आपल्याला जवळ का घेतले नाही, हे दहा वर्षांच्या मान्याला तेव्हा कोण सांगणार?

१८८३ साली, सोळावे वर्ष लागायच्या आधीच, मान्या सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली. तिला रशियन, फ्रेंच, जर्मन येत होते, साहित्याची गोडी होती आणि गणितात तर ती पुढे होतीच. पण वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. पोलिश तरुणांनी गुपचूप चालवलेले एक फिरते विद्यापीठ होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग आज एका घरी तर उद्या दुसऱ्या घरी भरत. तिथे ज्ञान मिळे, पदवी मात्र मिळत नसे. पदवी हवी तर पॅरिस गाठायचे, आणि पॅरिसला जायचे तर पैसे हवेत.

थोरली बहीण ब्रोन्या हिला डॉक्टर व्हायचे होते. शिकवण्या करून तिने पॅरिसचा प्रवास आणि तिथले एक वर्ष निभेल एवढे साठवले होते, पण वैद्यकीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. तेव्हा धाकट्या मान्याने तोड काढली. ब्रोन्याने आधी जावे. मान्या एखाद्या श्रीमंत घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी करील आणि दरमहा पैसे पाठवील. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मान्याला बोलावून घ्यावे. शिष्यवृत्ती देणारी कोणतीही संस्था हाताशी नसताना दोन बहिणींनी आपसातच केलेली ही शिष्यवृत्ती होती.

जानेवारी १८८६ मध्ये अठरा वर्षांची मान्या वॉर्सापासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या श्चुकी या गावी झोरावस्की नावाच्या कुटुंबात गेली. राहणे-जेवण तिथेच आणि वर्षाला ५०० रूबल पगार. त्यातले महिन्याला पंधरा, पुढे वीस रूबल ती पॅरिसला पाठवू लागली. दिवसभर मालकांच्या मुलींना शिकवायचे, संध्याकाळी गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना पोलिश लिहायला-वाचायला शिकवायचे, हा तिने लावून घेतलेला नेम होता. हे दुसरे काम उघडकीस आले असते तर सरकारने शिक्षा केली असती. रात्री ती भौतिकशास्त्र आणि गणिताची पुस्तके घेऊन बसे. अडलेली गणिते वडिलांना पत्राने कळवायची, वडील पत्रानेच ती सोडवून पाठवायचे.

त्या घरचा थोरला मुलगा सुटीत आला आणि दोघांचे मन जुळले. पण घरी शिकवायला ठेवलेल्या गरीब मुलीला सून करून घ्यायला त्याच्या आईवडिलांनी साफ नकार दिला. कोणीही स्वाभिमानी मुलगी दुसऱ्या दिवशी सामान बांधून निघाली असती. मान्याला तेवढी मोकळीक नव्हती. नोकरी सुटली तर पॅरिसमध्ये ब्रोन्याचे शिक्षण थांबले असते. ज्या घराने तिला नाकारले त्याच घरात ती १८८९ पर्यंत शिकवत राहिली. बुद्धी असून शिक्षण अडले की माणसाला काय काय गिळावे लागते, ते या तीन वर्षांत दिसते.

मधल्या काळात वडिलांना एका सुधारगृहाच्या प्रमुखाची जागा मिळाली आणि ब्रोन्याला दरमहा चाळीस रूबल ते स्वतः पाठवू लागले. तेव्हा ब्रोन्याने त्यांना एक गोष्ट कळवली. या चाळीसमधले आठ रूबल दर महिन्याला बाजूला काढून मान्यासाठी ठेवावेत, म्हणजे तिने आपल्यासाठी पाठवलेले पैसे हळूहळू फिटतील. घेतलेली मदत परत करायची ही सवय त्या घरात अशी आधीपासूनच होती.

१८९१ साली ब्रोन्या डॉक्टर झाली. काझीमिएझ द्लुस्की या पोलिश डॉक्टरशी तिचे लग्नही झाले होते. ठरल्याप्रमाणे तिने बहिणीला बोलावले. सर्वांत स्वस्त डब्यात, स्वतःची घडीची खुर्ची टाकून बसत, चोवीस वर्षांची होऊ घातलेली मान्या पॅरिसला पोहोचली आणि सोरबॉन विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत तिने नाव घातले. नोंदणीच्या कागदावर मारियाची मेरी झाली. त्या शाखेत मुली फारच थोड्या होत्या.

सुरुवातीला ती बहिणीकडे राहिली. पण तिथून घोड्यांच्या बसने विद्यापीठ गाठायला तास लागे आणि संध्याकाळी द्लुस्कींच्या घरी पोलिश मंडळींची वर्दळ असे. अभ्यासासाठी तिने विद्यापीठाजवळ पोटमाळ्याची एक खोली घेतली. महिन्याचा सगळा खर्च चाळीस रूबलमध्ये, म्हणजे साधारण शंभर फ्रँकमध्ये, बसवायचा होता. भाडे, पुस्तके, फी आणि कोळसा वजा जाता जेवणाला उरणार किती? कोळसा वाचावा म्हणून रात्री दहापर्यंत ती सार्वजनिक ग्रंथालयात बसे. तिथे दिवा आणि ऊब फुकट मिळे. हिवाळ्यात खोलीतल्या भांड्यातले पाणी गोठे. अनेक आठवडे ती पाव, लोणी आणि चहा यांवरच काढी.

व्हायचे तेच झाले. एके दिवशी ती एका मैत्रिणीसमोर चक्कर येऊन पडली. कळताच डॉक्टर मेहुणे धावत आले. तिला तपासण्याआधी त्यांनी खोली तपासली. स्वच्छ ताटल्या, रिकामे पातेले आणि चहाची एक पुडी. आज काय खाल्ले, काल काय खाल्ले, असे खोदून विचारल्यावर उलगडा झाला. थोडे मुळे आणि थोड्या चेरी यांवर तिने आदल्या दिवसापासून काढले होते, आणि रात्री तीन वाजेपर्यंत अभ्यास केला होता. द्लुस्कींनी तिला घरी नेले, भरपूर मांस आणि बटाटे खाऊ घातले, झोपायला लावले. काही दिवसांत ती बरी झाली. औषध असे काही लागलेच नाही. परीक्षा जवळ आली होती, म्हणून ती आपल्या खोलीवर परतली आणि पुन्हा तसेच सुरू झाले.

इथे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने थोडे थांबायला हवे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा तो एकटा वापरतो. त्याला ग्लुकोजचा अखंड पुरवठा लागतो. दिवसचे दिवस पोटभर अन्न नाही, झोप नाही आणि थंडीशी झुंजण्यात उरलीसुरली ऊर्जा खर्च, अशा स्थितीत लक्ष टिकत नाही, चिडचिड होते, हातपाय गळतात. अन्नातून लोह कमी गेले की रक्तक्षय होतो आणि थकवा वाढतो. तरुण मुलींना हा धोका अधिक. गरीब विद्यार्थी गुणांमध्ये मागे पडतो तेव्हा त्याची बुद्धी कमी पडली असे आपण पटकन म्हणतो. पुष्कळदा कमी पडलेले असते ते दुपारचे जेवण.

जुलै १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीचा निकाल लागला. मेरी स्क्लोदोव्स्का पहिली आली होती. सुटीत ती वॉर्साला घरी गेली खरी, पण आता परत कशी जाणार? साठवलेले पैसे संपले होते. तिला गणिताची पदवीही हवी होती. त्यासाठी आणखी एक वर्ष पॅरिसला राहायला हवे होते. म्हाताऱ्या वडिलांकडे किती मागायचे? पहिला क्रमांक मिळवूनही शिक्षण तिथेच संपण्याची वेळ आली.

तेव्हा एक पोलिश मैत्रीण पुढे सरसावली. परदेशात शिकणाऱ्या गुणी पोलिश विद्यार्थ्यांसाठी अलेक्झांड्रोविच नावाची शिष्यवृत्ती होती. मेरीने स्वतः अर्ज करण्याचे धाडस केले नसते. या मैत्रिणीने खटपट केली, भेटीगाठी घेतल्या, मेरीची योग्यता पटवून दिली आणि शिष्यवृत्ती मंजूर करून आणली. रक्कम ६०० रूबल. महिन्याला चाळीस रूबलच्या हिशेबाने पंधरा महिने!

त्या पंधरा महिन्यांत काय झाले ते पाहा. जुलै १८९४ मध्ये गणिताच्या पदवी परीक्षेत ती दुसरी आली. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका फ्रेंच संस्थेने तिला पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे काम दिले. या कामाला जागा अपुरी पडत होती. ओळखीच्या एका पोलिश प्राध्यापकांनी, कदाचित सोय होईल म्हणून, तिची एका शास्त्रज्ञाशी गाठ घालून दिली. त्यांचे नाव पिएर क्युरी. १८९५ मध्ये दोघांचे लग्न झाले. १८९८ मध्ये दोघांनी आधी पोलोनियम आणि मग रेडियम या मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. ती पॅरिसला परतली नसती तर यातले काय घडले असते?

पोलादाच्या अभ्यासाबद्दल मानधन मिळाले तेव्हा संसार नवा होता आणि चणचण कायमची होती. तरी मेरीने त्यातून ६०० रूबल बाजूला काढले आणि अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्तीच्या चिटणिसांकडे नेऊन दिले. चिटणीस चकित झाले. ही रक्कम कर्जाऊ नव्हती, परत मागण्याचा प्रश्नच नव्हता आणि आजवर कोणी ती परत केलीही नव्हती. मेरीचा विचार मात्र सरळ होता. हे पैसे आपल्याकडे अडकून राहिले तर तेवढ्यासाठी दुसऱ्या एखाद्या गरीब पोरीचे शिक्षण अडेल. आपली गरज भागली आहे, तेव्हा ते पुढच्या हाती गेले पाहिजेत.

हाच विचार पुढे तिच्या आयुष्यभर दिसतो. गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून, ढवळून, गाळून क्युरी दांपत्याने रेडियम वेगळे केले. त्या पद्धतीचे पेटंट घेतले असते तर पैशाचा पाऊस पडला असता. त्यांनी ते घेतले नाही. विज्ञान सर्वांचे आहे आणि ज्याने रोग बरा होऊ शकतो त्यावर आपण मालकी सांगायची नाही, असे दोघांनी ठरवले. १९०३ च्या नोबेल पारितोषिकाचे पैसे आले, त्यातला काही भाग पोलिश विद्यार्थ्यांना गेला. काही ब्रोन्या आणि तिच्या पतीने झाकोपाने येथे उभारलेल्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमसाठी गेला. ज्या आजाराने आई नेली त्याच आजाराशी थोरली बहीण लढत होती. लहानपणी पोलंडमध्ये फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना मरण्यापूर्वी एकदा आपले फ्रान्समधले जन्मगाव पाहायचे होते. मेरी क्युरी यांनी त्यांनाही प्रवासखर्च पाठवून बोलावून घेतले.

१९ एप्रिल १९०६ रोजी रस्त्यात घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला. पदरात दोन लहान मुली. सरकारने निवृत्तिवेतन देऊ केले. काम करण्याइतके आपले वय आहे, असे म्हणून मेरी क्युरी यांनी ते नाकारले आणि सोरबॉनमध्ये पिएर यांच्या जागी शिकवणे स्वीकारले. तिथे शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी क्युरींच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांसाठी शिष्यवृत्त्यांची सोय केली. देणगी स्वतःसाठी नाकारणाऱ्या मेरी क्युरी यांनी ही आनंदाने घेतली. १९११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या सुमारे वीस मोटारी आघाडीवर नेल्या आणि दोनशेच्या आसपास क्ष-किरण केंद्रे उभी केली.

१९२१ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून एक लाख डॉलरचे एक ग्रॅम रेडियम त्यांना भेट दिले. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी दानपत्र त्यांच्यापुढे आले. त्यात हे रेडियम त्यांना व्यक्तिशः दिल्याचे लिहिले होते. त्यांनी वकील बोलावून मजकूर बदलून घेतला. रेडियम प्रयोगशाळेच्या नावे झाले पाहिजे, नाहीतर आपल्या मृत्यूनंतर ते मुलींची खासगी मालमत्ता होईल, हा त्यांचा आग्रह होता.

१९२२ मध्ये राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीवर त्या गेल्या. समित्या आणि भाषणे यांचा त्यांना कंटाळा, पण इथे त्यांनी एक विषय नेटाने लावून धरला. तो म्हणजे विज्ञानासाठी आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्या. हुशार मुले कशीबशी पदवीपर्यंत पोहोचतात, मग पोटासाठी मिळेल ती नोकरी धरतात आणि संशोधनाला मुकतात. ही हानी त्या एका मुलाची नसून समाजाची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. श्चुकीतली तीन वर्षे आणि पोटमाळ्यावरची थंडी ज्यांनी सोसली, त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्यांच्या प्रयोगशाळेत १९२९ मध्ये मार्गरीत पेरे नावाची एक तरुणी साहाय्यक म्हणून रुजू झाली. तिला डॉक्टर व्हायचे होते. पण वडील लहानपणीच गेले, घरची स्थिती खालावली आणि तिला रसायनाचा तांत्रिक अभ्यासक्रम करून नोकरी धरावी लागली. विद्यापीठाची पदवीही नसलेल्या या मुलीला मेरी क्युरी यांनी हाताशी घेतले, किरणोत्सारी पदार्थ वेगळे करण्याचे कसब शिकवले. १९३९ मध्ये मार्गरीतने फ्रान्सियम हे मूलद्रव्य शोधले. १९४६ मध्ये ती डॉक्टरेट झाली. ज्या फ्रेंच विज्ञान अकादमीने १९११ मध्ये मेरी क्युरी यांना सभासदत्व नाकारले होते, तिने १९६२ मध्ये पहिल्यांदा एका स्त्रीला निवडून घेतले. ती स्त्री म्हणजे मार्गरीत पेरे.

हे पाहायला मेरी क्युरी नव्हत्या. ४ जुलै १९३४ रोजी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी फ्रान्समधल्या एका सॅनेटोरियममध्ये त्यांचे निधन झाले. निदान होते अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. या आजारात हाडांतला मगज रक्तपेशी तयार करणेच थांबवतो. वर्षानुवर्षे उघड्या हातांनी हाताळलेले किरणोत्सारी पदार्थ आणि युद्धकाळातले क्ष-किरण यांचा हा परिणाम मानला जातो.

दोनच वर्षे आधी, १९३२ मध्ये, वॉर्सात रेडियम संस्थेचे उद्घाटन झाले होते. कर्करोगावर उपचार आणि संशोधन दोन्ही एका छताखाली. त्यासाठी लागणारे रेडियमही मेरी क्युरी यांनी मिळवून दिले, आणि संस्थेची धुरा होती डॉक्टर ब्रोन्याकडे. एकमेकींना आळीपाळीने शिकवायचे ठरवणाऱ्या दोन बहिणींनी मिळून रुग्णालय उभे केले. गाठीजवळ किरणोत्सारी स्रोत ठेवून उपचार करण्याची तेव्हाची ती पद्धत आजही गर्भाशयमुखाच्या कर्करोगात वापरतात. रेडियमची जागा आता इरिडियम आणि कोबाल्टने घेतली आहे.

आपल्याकडे शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक. फी माफ झाली की काम झाले असे समजले जाते. पण मुलगा किंवा मुलगी शहरात राहणार कुठे, खानावळीचे पैसे कोण भरणार, आणि घरी पैसे पाठवण्यासाठी रात्रपाळी करत असेल तर झोपणार कधी, हे कोणी विचारत नाही. ज्यांना अर्ज करण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी खटपट करणारी मैत्रीण किंवा शिक्षक दर वेळी असतोच असे नाही. शिष्यवृत्ती वेळेवर आली पाहिजे आणि तिच्यात पोटभर जेवण बसले पाहिजे. सत्र संपल्यावर खात्यात जमा झालेल्या पैशाने मधले उपाशी महिने भरून निघत नाहीत.

आणि ज्यांना कधी ना कधी अशी मदत मिळाली, जे आज डॉक्टर, अभियंते, अधिकारी झाले आहेत, त्यांच्यापुढे मेरी क्युरी यांचा साधा हिशेब आहे. मागणारे कोणी नसले तरी सहाशे रूबल परत करायचे असतात. ते ज्याच्याकडून घेतले त्यालाच द्यायला हवेत असेही नाही. यंदा प्रवेश मिळूनही जो विद्यार्थी घरी बसला आहे, त्याला ते दिले तरी चालतील.